हुंकारा

आमच्या गावी रात्री वीज गेली की गोष्टीची वेळ व्हायची. आजी भिंतीला टेकून बसायची आणि आम्ही तीन-चार नातवंडं तिच्या भोवती घोंगडीवर पसरायचो. गोष्टी ठरलेल्या होत्या. चिमणी-कावळ्याची, आटपाट नगराची, भोपळ्यात बसून लेकीच्या गावाहून निघालेल्या म्हातारीची. पुढचं वाक्य आम्हाला पाठ असायचं, तरी आजीची एक अट कधी सुटली नाही. हुंकारा द्यायचा. दोन-तीन वाक्यं झाली की ती थांबायची, आणि कुणीतरी "हं" म्हटल्याशिवाय पुढं सरकायची नाही. भोपळा वाघासमोर येऊन थांबलेला असायचा. "हं" आला नाही तर तो तिथंच थांबायचा.

आम्ही जागे आहोत की नाही हे बघायची ती तिची युक्ती, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. अंधारात तोंडं दिसत नाहीत, तेव्हा तेही कारण असेलच. पण एका रात्री माझा धाकटा भाऊ जांभया देत, न ऐकता, ठरावीक अंतरानं "हं, हं" करत होता आणि आजीनं गोष्ट मध्येच सोडली. म्हणाली, "तू नुसता हं म्हणतोयस, ऐकत नाहीयेस. मग मला सांगता कशी येईल?" सांगावीशी वाटत नाही, असं ती म्हणाली नाही. सांगता येत नाही, असं म्हणाली. या फरकाकडे माझं लक्ष खूप उशिरा गेलं, आणि तेव्हापासून माणसामाणसांतल्या बोलण्याचा विचार मी तिथूनच करते.

बोलता येणं हा बोलणाऱ्याचा गुण आहे, असं आपण धरून चालतो. म्हणून शाळेत वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात, कथाकथनाच्या होतात, मोठेपणी मुलाखतीत कसं बोलावं याचे वर्ग लागतात. ऐकणं मात्र सगळ्यांना आपोआप येतं असं आपण समजतो, कारण कान उघडेच असतात. मला वाटतं, इथंच आपली मोठी चूक होते. बोलणं एकाच्या तोंडातून बाहेर पडतं, पण ते घडतं दोघांमध्ये, आणि त्यातला जड वाटा ऐकणाऱ्याच्या अंगावर असतो. मैत्री असो, संसार असो, चार माणसांचं काम असो, ते तगतं की नाही हे बरंचसं कुणाला कुणाकडून हुंकारा मिळतो यावर ठरतं.

आजीचं म्हणणं शब्दशः खरं होतं, हे दाखवून देणारा एक प्रयोग आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २००० साली प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या बसवल्या. एकानं आपण थोडक्यात कसे बचावलो तो स्वतःचा प्रसंग सांगायचा, दुसऱ्यानं ऐकायचा. काही ऐकणाऱ्यांवर मात्र वेगळं काम सोपवलं होतं: समोरचा माणूस इंग्रजी 'टी' या अक्षरानं सुरू होणारा शब्द उच्चारेल तेव्हा तेव्हा बटण दाबायचं. म्हणजे शब्दन् शब्द त्यांच्या कानावर पडत होता, किंबहुना फार बारकाईनं पडत होता. मन तेवढं गोष्टीत नव्हतं. परिणाम असा झाला की सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली, आणि ती शेवटाला जास्त बिघडली. जिथं श्वास रोखला जायचा तिथं ते अडखळले. काहींनी शेवट तुटक उरकला, काहींनी तोच शेवट फिरून फिरून सांगितला, आणि प्रसंग कसा खरोखर बाका होता हे पटवत बसले. त्यांच्या आयुष्यात घडलेली गोष्ट तीच होती. ती सांगायची त्यांची ताकद समोरच्यानं काढून घेतली होती, आणि समोरचा तर एक शब्दही बोलला नव्हता.

बव्हेलसबाईंनी ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचे दोन प्रकार वेगळे काढले. एक साधा, कुठंही चालणारा, "हं"सारखा. दुसरा त्या त्या क्षणाचाच: दचकणं, चेहरा वेडावाकडा होणं, समोरच्याच्या तोंडचा शब्द आपण पुरवणं. मराठीत या दुसऱ्या प्रकाराचं भांडार केवढं मोठं आहे! "अगं बाई", "काय सांगतेस", "मग गं?", "हात् तिच्या", "अरेरे", आणि जीभ टाळूला लावून केलेला तो "च्", जो कुठल्या कोशात नीट लिहिताही येत नाही. यातला कुठला कुठं द्यायचा हे चुकलं तर चालत नाही. मयताची बातमी सांगणाऱ्याला "हो का" म्हणणारा माणूस कायमचा आपल्या लक्षात राहतो. शाहिरानं पोवाड्यात हे काम झीलकऱ्यांवर सोपवलं आहे. "जी जी रं जी" ही निव्वळ सुरांची भर नाही. शाहीर दम घेतो आणि मागची माणसं गोष्ट हातात धरून ठेवतात.

हे सगळं विलक्षण वेगानं चालतं. दहा भाषांतल्या संभाषणांचा एकत्र अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात जपानी होती, डॅनिश होती, लाओ होती, मेक्सिकोतली त्सेल्ताल होती. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर भाषेप्रमाणे थोडं कमी-जास्त भरलं, पण सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास होतं. आता मौज अशी, की नुसतं एका चित्रातल्या वस्तूचं नाव ओठांवर आणायला आपल्याला सेकंदाच्या निम्म्याहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठं जाऊन टेकणार हे ओळखलेलं असतं. ऐकणारा माणूस वाट बघत बसलेला नसतो, तो बोलणाऱ्याच्या अर्धं पाऊल पुढं चालत असतो. म्हणूनच ज्याच्याशी आपलं जमतं त्याच्याबद्दल आपण म्हणतो, की अर्धं बोललं तरी त्याला कळतं.

'हुंकार' हा शब्द अलीकडे मला रस्त्याच्या फलकांवर दिसतो. हुंकार सभा, हुंकार मेळावा. तिथं त्याचा अर्थ गर्जना. व्यासपीठावरून एकानं द्यायची आणि हजारोंनी ऐकायची. शब्दाला हा अर्थही जुनाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आजीच्या अंधारातला हुंकारा आणि सभेतला हुंकार यांच्यामध्ये फक्त आवाजाचं अंतर नाही. सभेत कुणीही एक माणूस उठून गेला तरी भाषण थांबत नाही. आजीची गोष्ट थांबायची. माणसांची संख्या इथं निर्णायक ठरते, आणि हा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली लिहिलं, की दोघांचा गट हा सगळ्या गटांहून जातीनंच निराळा असतो, कारण त्यातलं एक माणूस निघून गेलं की गटच उरत नाही. तिसरं माणूस आलं की दोघांच्या वर काहीतरी उभं राहतं, जे एखाद्याच्या जाण्यानं मोडत नाही. तिसरा मध्यस्थी करू शकतो, भांडण लावून देऊ शकतो, दोघांच्या भांडणात स्वतःचा लाभही साधू शकतो. मराठी माणसाला हे नव्यानं सांगायला नको, आपल्याकडे तशी म्हणच आहे. पण झिमेलचा पहिला मुद्दा मला फुगडीत जितका नीट दिसतो तितका पुस्तकात दिसत नाही. दोघी हातांची अढी घालतात, पाय जुळवतात, अंग मागं टाकतात आणि फिरू लागतात. वेग येतो तो दोघींनी मागं झोकून दिलेल्या वजनातून. एकीनं हात सोडला तर पडतात दोघी. दोघांतलं ऐकणं असंच असतं. ते तिसऱ्यावर ढकलता येत नाही.

तिघं झाले की ढकलता येतं. मी नाही "हं" म्हटलं तर ती म्हणेल. पाच-सहा झाले की प्रत्येकालाच तसं वाटतं. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लॅटाने या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग अनेकांना माहीत असेल. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून यंत्रावरून एकमेकांशी बोलताहेत असं त्यांना भासवलं होतं, आणि बोलता बोलता एकाला झटका आल्यासारखा आवाज येऊ लागला. ऐकणारे फक्त आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के तो आवाज संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ३१ टक्के. हा प्रयोग संकटातल्या मदतीबद्दलचा म्हणून सांगितला जातो. मी तो ऐकण्याबद्दलचा म्हणून वाचते. तीच हाक, तेच कान, पण कानांची संख्या वाढली आणि हाक कुणाचीच झाली नाही.

रोजच्या गप्पांत हे आपण आपोआप सांभाळत असतो. इंग्लंडमध्ये रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या गप्पांचे घोळके मोजले आणि १९९५ साली असं मांडलं, की एका संभाषणात साधारण चारच माणसं मावतात. पाचवं आलं की थोड्याच वेळात त्याचे दोन तुकडे होतात. लग्नाच्या जेवणात किंवा सोसायटीच्या कट्ट्यावर हे कुणालाही बघता येईल. पाचव्या माणसाला कुणी हाकलत नाही. तो शेजारच्याकडे वळतो आणि हलक्या आवाजात दुसरंच काही सुरू होतं. लोक याला फाटाफूट समजतात. मला ती शहाणपणाची गोष्ट वाटते. ज्याला हुंकारा मिळेनासा झाला, त्यानं तो जिथं मिळेल तिथं तोंड वळवलं.

आता जात्याकडे येते, कारण आपल्याकडे दोघींच्या बोलण्याचं सगळ्यात मोठं विद्यापीठ तेच होतं. पहाटेच्या अंधारात दोघी जात्याच्या दोन बाजूंना बसायच्या. सासू-सून, जावाजावा, नणंद-भावजय, कधी शेजारीण. एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओढायचं तेव्हा दुसरीनं सोडायचं, आणि मधूनमधून मूठभर दाणे आत घालायचे. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं ती धरायची. पुण्यातून गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि गावोगावच्या बायकांच्या मदतीनं हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ऐकायला मिळतात. हा आकडा वाचून मी प्रथम चकित झाले. लिहिता न येणाऱ्या बायकांनी एवढं साहित्य निर्माण केलं, म्हणून नव्हे. त्या निर्माण करत होत्या हे बहिणाबाई चौधरींमुळे आपल्याला ठाऊक होतंच. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, त्यांच्या मुलाच्या धडपडीनं पुस्तकरूपात आली. मी चकित झाले ते वेगळ्याच कारणानं. एक लाख वेळा कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं, तर ते ऐकलं कुणी होतं?

घरात बाकीचे झोपलेले असायचे. ज्या भावाला उद्देशून ओवी म्हटली तो दूर गावी, जी आई ओवीत येते ती माहेरी, पंढरीचा पांडुरंग पंढरीत. दिवसा उजेडी ज्या बाईनं डोक्यावरचा पदर सरकू दिला नसता, ती पहाटे जात्यावर नवऱ्याच्या माराबद्दल, मुलगी झाली म्हणून घरात पसरलेल्या अबोल्याबद्दल, माहेरच्या वाटेबद्दल गात होती. तिला उत्तर कोण देत होतं? एक तर जातं. त्याची घरघर थांबत नाही, दाणे संपेपर्यंत ते "हं" म्हणत राहतं. ओव्यांमध्ये जात्यालाच देव मानून हाक मारलेली सापडते, ती मला आता वेगळी कळते. आणि दुसरं उत्तर समोरचीचं. ती सल्ला देत नव्हती. "असं का केलंस" म्हणून विचारत नव्हती. तिनं ओळ धरली आणि खुंटा ओढला, की पहिलीचं ओझं तेवढ्यापुरतं दोघींच्या हातांत आलं.

पण जात्याच्या आठवणीनं गहिवरून जाणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. दळणाचं काम जिवावरचं होतं. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा ती बायकांना हवीच होती, आणि तसं वाटणं योग्य होतं. शिवाय एवढं सगळं जात्यापुढं सांगावं लागलं, याचा अर्थ घरातल्या माणसांपुढं ते सांगायची सोय नव्हती. एक लाख ओव्या हा आपल्या ठेव्याचा पुरावा आहे तसाच आपल्या घरांतल्या बहिरेपणाचाही आहे. गिरणी आल्यावर हातांचे कष्ट गेले, बहिरेपणा तसाच राहिला, आणि समोर बसून ओळ धरणारी मात्र गेली. जे गेलं त्याच्या जागी काय आणायचं, हा प्रश्न गिरणीला विचारून उपयोग नाही. तो आपल्याला विचारायचा आहे.

हुंकारा सक्तीचाही असतो, आणि तो वेगळा ओळखता आला पाहिजे. घरातला कर्ता पुरुष बोलतो आणि बाकीचे "हो" म्हणतात. साहेब बोलतात आणि टेबलाभोवतीच्या माना हलतात. सासरे जेवताना तासभर राजकारण सांगतात आणि वाढणारी सून "हो ना" म्हणत पोळी आणायला आत जाते. वरवर पाहिलं तर हे ऐकणं वाटतं. पण ज्याला "हं" म्हणण्यावाचून गत्यंतर नाही त्याचा "हं" गोष्टीला लागत नाही, फक्त सांगणाऱ्याच्या मानाला लागतो. आपल्या समाजात ऐकण्याचं काम फार असमान वाटलेलं आहे. बायकांनी ऐकायचं, धाकट्यांनी ऐकायचं, ज्यांच्या जातीला गावात मान नव्हता त्यांनी वेशीबाहेर उभं राहून ऐकायचं. "त्याचं ऐकत जा" याचा मराठीत अर्थ "तो सांगेल तसं कर" असा होतो. ऐकणं आणि आज्ञा पाळणं यांना आपण एकच क्रियापद वापरतो, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. हुंकारा आलटून पालटून मिळत नसेल तर तिथं नातं नसतं, नुसती उतरंड असते. त्या पहाटे जात्यावर निदान ओवी एकदा हिची आणि एकदा तिची असायची.

दवाखान्यात ही उतरंड उघडी पडते. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून अभ्यासल्या. रुग्णानं आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत होते, आणि आपलं म्हणणं पुरं करता आलं ते फक्त २३ टक्के भेटींत. माझ्या आईला घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेले होते तेव्हाची गोष्ट आहे. ती म्हणाली, "परवा एकादशीला मी देवळात गेले होते, तर पायऱ्या चढताना..." डॉक्टर म्हणाले, "आजी, दुखतंय कुठं तेवढं सांगा." आई गप्प झाली आणि तिनं गुडघ्याकडे बोट दाखवलं. गुडघा दुखतच होता. पण त्या पायऱ्यांवर तिला धाप लागली होती आणि दोनदा बसावं लागलं होतं, ते वाक्य तसंच राहिलं. महिन्याभरानं त्या धापेचं निदान दुसरीकडे झालं. त्या डॉक्टरांच्या दारात चाळीस माणसं बसली होती, हे मला दिसत होतं. घाई त्यांनी एकट्यानं निर्माण केलेली नव्हती. तरीही आणखी दोन वाक्यं पुरली असती असं मला आजही वाटतं. आणि माझंही चुकलं. मी तिथं शेजारी बसले होते आणि "हं, मग?" म्हणाले नाही.

ऐकण्यासाठी मोठं ज्ञान लागत नाही, हे लंडनमध्ये एका पाद्र्यांना जवळजवळ अपघातानंच कळलं. चॅड वारा हे त्यांचं नाव. आत्महत्येच्या विचारानं घेरलेल्या माणसांनी आपल्याला दूरध्वनी करावा किंवा येऊन भेटावं, म्हणून १९५३च्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्या चर्चमध्ये सेवा सुरू केली. समुपदेशन ते स्वतः करणार होते. येणाऱ्यांना थांबावं लागे, म्हणून काही स्वयंसेवक बाहेर बसून त्यांना चहा देत आणि त्यांच्याशी बोलत. थोड्याच काळात वारांच्या लक्षात आलं, की चहा पिऊन, बोलून झाल्यावर पुष्कळांना आत यायची गरजच वाटत नाही. काही महिन्यांतच त्यांनी हे काम स्वयंसेवकांच्या हाती दिलं. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. आपल्या जवळ गोव्यात 'संगत' या संस्थेनं हाच धागा शास्त्रीय कसोटीवर घासून पाहिला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांत बसवलं, आणि नैराश्य, चिंता घेऊन सरकारी केंद्रांत आलेल्या लोकांना त्याचा उपयोग झाल्याचं २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. ही माणसं शिकवून तयार केलेली होती, त्यांच्यावर देखरेख होती, गरज पडली तर डॉक्टर होते. नुसत्या "हं"नं आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण "मी काय डॉक्टर आहे का, मला काय कळतंय" म्हणून आपण जे शेजारच्या माणसापासून अंग काढून घेतो, ते यापुढं तरी काढून घेऊ नये.

फोनबद्दल थोडंच. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात १०२४ माणसं घेता येतात. त्यात नातेवाईक असतात, वर्गमित्र असतात, आणि वाढदिवसाला एकाच्या पाठोपाठ एक तोच केक येतो. कुणी "बाबा गेले" असं लिहिलं की खाली श्रद्धांजलीची रांग लागते. मी त्या रांगेत उभी राहिले आहे आणि त्या रांगेनं भरून पावलेलं माणूसही पाहिलं आहे, म्हणून तिला नावं ठेवत नाही. पण निळी खूण म्हणजे हुंकारा नव्हे. ती सांगते, की वाचलं. त्यात "मग?" नसतं. उलट साध्या फोनवर, जिथं चेहराही दिसत नाही, तिथं हुंकारा सगळ्यात जास्त लागतो. दोन वाक्यं "हं" आला नाही की आपण विचारतो, "ऐकतोयस ना?" परदेशी गेलेल्या मुलांशी रविवारी चित्रफोनवर बोलणाऱ्या आयांचं मला फार जाणवतं. चेहरा स्वच्छ दिसतो, पण आवाज किंचित मागून येतो. तो सेकंदाचा पाचवा भाग हुकतो. आई सांगते, मुलगा "हं" म्हणतो, पण तो "हं" तिच्या पुढच्या वाक्यावर येऊन आदळतो. दोघंही थांबतात, दोघंही एकदम बोलतात, "तू बोल", "नाही, तू बोल". मग गोष्ट सोडून ती विचारते, जेवलास का? माया कमी झालेली नसते. ताल चुकलेला असतो, आणि तालाशिवाय माणसं तपशिलात शिरत नाहीत. माझ्या ओळखीच्या एक बाई न्यू जर्सीतल्या मुलीला म्हणाल्या, "चित्र बंद कर, नुसतं बोलू." दोघी आता फोन कानाला लावून आपापल्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बोलतात. त्यांना मध्ये काहीतरी काम लागतं, जुन्या जात्यासारखं.

मग चारांहून जास्त माणसांनी एकमेकांचं ऐकायचंच नाही का? ऐकता येतं, पण ते आपोआप होत नाही. त्याला रीत लावावी लागते. बचत गटांनी ती लावली आहे, आणि महाराष्ट्रानं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत माणसामाणसांतल्या बोलण्याबद्दल जे काही शोधून काढलं, त्यात मी त्यांना फार वरचं स्थान देते. नाबार्डनं १९९२ साली गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. गट दहा ते वीस जणींचा. त्याची पंचसूत्री गावागावांतल्या बायकांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. यातली बैठक पहिली आहे, पैसा नंतर आहे. बायका गोल बसतात, त्यामुळे मागची रांग नसते. प्रत्येकीला आपली रक्कम स्वतःच्या तोंडानं सांगावी लागते. कर्ज हवं असेल तर कशाला हवं ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं, आणि ते देण्याआधी बाकीच्यांना ऐकावंच लागतं, कारण पैसा त्यांचाही आहे. चारजणींत जे स्वभावानं होतं ते इथं बाराजणींत वहीमुळे होतं. पाळी फिरते आणि कुणालाही पाचवं माणूस होऊन शेजारणीकडे वळता येत नाही.

हेही खरं, की सगळीकडे असं राहिलेलं नाही. काही ठिकाणी बैठक म्हणजे हप्ता गोळा करायची पाच मिनिटं झाली आहेत. वरून कुणीतरी येतं, पैसे मोजतं, सह्या घेतं आणि जातं. असा गट कर्जवसुलीची खिडकी होतो आणि संकट आलं की बायका एकमेकींकडे जायच्या ऐवजी एकमेकींना चुकवू लागतात. ज्या गटांत बैठक लांबते, त्यांना कामचुकार म्हणण्याआधी तिथं काय चाललंय ते बसून बघावं.

गेल्या वर्षी एका गावात मी अशीच बसले होते. समाजमंदिरात सतरंजी, मध्ये पत्र्याची पेटी, बाराजणी. हजेरी झाली, बचत सुरू झाली. शंभर, शंभर, शंभर. सचिव असलेली बाई मान खाली घालून लिहीत होती. एकीपाशी पाळी आली आणि ती म्हणाली, "या महिन्याला नाही जमायचं." पुढची लगेच बोलायला तोंड उघडत होती. तेवढ्यात सचिवबाईनं पेनाला टोपण लावलं आणि पेन वहीवर आडवं ठेवलं. कुणीच काही बोललं नाही. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. मग त्या बाईच्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं, तिच्याकडे न बघता, हळूच म्हटलं, "हं."

ती बोलायला लागली. काय बोलली ते माझं नाही, म्हणून इथं लिहीत नाही. खूप वेळ बोलली. मध्ये दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला, एकीनं "च्" केलं, एकीनं उठून दिवा लावला. सल्ला कुणी दिला नाही. ती थांबल्यावरही जरा वेळ सगळ्या तशाच बसून राहिल्या. मग सचिवबाईनं टोपण काढलं आणि विचारलं, "मग, किती लिहू गं?"

ती म्हणाली, "पन्नास लिही."